मेणाची कोळंबी

मेणाची एक कोळंबी नीट जमली, तर दर महिन्याला सासऱ्यांच्या तिथीला कढई तापवण्यातून चिसाची कायमची सुटका होणार होती. जपानमधल्या गुजो गावात मेणाचे नकली खाद्यपदार्थ बनवायला शिकवणाऱ्या वर्गाच्या शिक्षिका मिझुए कोमट पाण्याच्या टबाशी उभ्या राहून सासूसुनेचं बोलणं ऐकत होत्या.

"आई, मेण उंचावरून सोडा. बघा, कसं फुलतंय."

"पाण्यात पिवळे ढग उतरल्यासारखं वाटतंय गं."

"आता कोळंबी त्यावर ठेवा आणि गुंडाळा. झालं तळण. हीच बाबांच्या फोटोपुढे ठेवू, वर्षानुवर्षं टिकेल."

"टिकेल गं. पण वास?"

"फोटोला कुठला वास येतोय?"

"आणि नैवेद्य उतरवल्यावर मी काय खाऊ?"

"तुम्हाला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ना?"

"मला केलंय, त्यांना नाही. त्यांच्या पुढचं टाकून द्यायचं होय?"

"तरीच दर वेळी दोन तळायला सांगता."

"एक त्यांची, एक माझी. महिन्यातून एकदा आम्ही दोघं बरोबर जेवतो, चिसा."

टबातलं मेण पसरत पसरत कडेला लागलं. चिसाने ते गुंडाळलंच नाही.

"हे बिघडलं, आई."

"बिघडू दे. डॉक्टर घरी आले की त्यांना हेच वाढू."

वर्गाची फी चिसाने भरली. तिथी उद्याचीच होती, म्हणून वाटेत बाजारात उतरून दोन ताज्या कोळंब्याही तिनेच घेतल्या.