तिखटाच्या पुडीतली गोष्ट

कासारवाडी स्टेशनवर उद्धवराव गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर दोन बायकांचं बोलणं चाललं होतं.

"सोजरे, केवढं जाड पुस्तक! कुठं घावलं?"

"पुण्याला जुन्या बाजारात, दोन आण्याला. गेल्या साली वाण्यानं ह्याच पुस्तकाच्या एका फाटक्या पानात तिखट बांधून दिलं व्हतं."

"दिरानं विहिरीत ढकललेल्या बाईची गोष्ट?"

"व्हय, तीच! पान तिथंच संपलं. वरीसभर माझा जीव टांगणीला."

"आन् ही यादी कसली?"

"बाकीच्या पुड्यांच्या पानांवर छापलेली पुस्तकांची नावं, त्यांच्याबी गोष्टी अर्ध्याच ऱ्हायल्यात. अजून अकरा हुडकायचीत. सोडते व्हय!"

गाडी आली. उद्धवरावांनी पायरीवर पाय ठेवला आणि न राहवून मागं वळून विचारलं,

"बाई, विहिरीतून वर आली का हो ती?"

"आली की! आन् आल्या आल्या दिराची मानगूट धरली!"