नूरभाईंची स्वतःची चाल

एकाहत्तर सालचा वैशाख. श्रीरामपूरच्या स्टँडवर शेवगावच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते. एकाच्या हातात सॅक्सोफोनची पेटी, दुसऱ्याच्या हातात मुलाच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"नूरभाई, बँड तुमचाच ठरला. फकस्त वरातीत ती तुमची सोताची चाल वाजवू नका."

"गहिनीनाथराव, बारा वर्षं मुंबईच्या हॉटेलात दुसऱ्यांचा जाझ वाजवला. सोताची ही एकच चाल केली."

"पन भाच्याच्या वरातीत ती ऐकून समदं वऱ्हाड नाचायचं थांबलं. म्हाताऱ्यांनी चपला काढून हात जोडले. त्यांना वाटलं, कुनीतरी गेलं."

"आनंदाची चाल हाय ती."

"मग दर खेपेला येगळी का वाजती?"

"जाझ हाय. तिथल्या तिथं सुचंल तसं वाजवायचं असतं."

"उद्या भटजीबी तसंच लगीन लावायला लागला, तर?"

"घोडी मातर नाचली हुती."

"लई नाचली! नवरदेवासकट पारावर चढली."

"म्हंजे तिला कळली."

"बरं, वाजवा. पन आमचं पोरगं उतरून मांडवात गेल्यावर, समदे जेवायला बसल्यावर."

नूरभाईंनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"चालंल. तेवढं घोडीला थांबवून घ्या."