फ्रँकलीचा अर्थ

तुम्ही मला इंग्रजीचा मास्तर म्हणता, पण एका शब्दाचा अर्थ मी जाणूनबुजून चुकीचा सांगितलाय. तोही माझ्या थोरल्या बहिणीला, शोभाअक्काला.

तिचे रिपोर्ट बघून डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. आता इलाज उरला नाही, असं त्यांचं म्हणणं. बाहेर आल्यावर अक्कानं विचारलं, "दत्ता, ते घडीघडी फ्रँकली म्हणत होते. म्हंजे काय रे?"

"म्हंजे काळजी करू नका."

"बरं," म्हणाली, आणि आम्ही आमच्या गावच्या, डोंगरकड्याच्या गाडीत बसलो.

महिन्याभरात तिनं अंथरूण धरलं. एकदा मी औषध पाजत होतो, तर म्हणाली, "शेजारची पोरगी तुझ्याच शाळेत हाय ना, तिला इचारला तो शब्द. फ्रँकली म्हंजे काही न लपवता, म्हणली. सरांनीच शिकवलं म्हणं."

माझी मान खाली गेली. "मग मला काहून बोलली न्हाईस?"

"तू रोज हसत येऊन राहिला. म्हटलं, तुला अजून तकलीफ कशाला."

त्या दिवशी आम्ही बहीणभाऊ पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो. आठ दिवसांनी ती गेली.