दिवा न लागताच पास झालेला प्रयोग

पाथरीच्या आमच्या शाळेत तपासणीला साहेब आलेले, अन् विज्ञानाचे काळे सर टेंपरवारी. पोरं गप्प बसावीत म्हणून सरांनी आमाला पोरगा-पोरगी, पोरगा-पोरगी असं आलटून पालटून बसवलं. लाजेनं कुणी हलंना!

सर म्हणाले, "शोरा हा क्षार घट्ट असतो तोवर धन आयन, ऋण आयन शेजारी-शेजारी जखडलेले. वीज जाईल कशी? तापून वितळला की एक ह्या टोकाला पळतो, दुसरा त्या टोकाला. मग त्यात बुडवलेल्या तारांना जोडलेला दिवा लागतो."

शोरा म्हणजे एक खतच, असं ऐकून आमच्या वर्गातल्या दगडूनं तो घरच्या पोत्यातून आणलेला. स्टोव्हवर तो वितळला, पण दिवा लागंना. उलट असा वास सुटला की डोळ्यांतून धारा!

"दगड्या, काय आणलंस रे?"

"युरिया, सर. खतच हाय की!"

तोवर पोरी मागच्या दारानं अन् पोरं पुढच्या दारानं पसार. सरांचं तोंड उतरलं. नोकरी गेलीच म्हणा!

साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "दिव्याचं राहू द्या, सर. तापल्यावर कोण कुठल्या टोकाला पळतं, ते दिसलं!"