नाव तेवढं आईचं

हॅलो?… हो रे, ताईच. तुझा आवाज का घुमतोय?… रडतोयस का?… बरं, सर्दी तर सर्दी. काय झालं?

…वाचनालयात? नवा कॉम्प्युटर… हं… चालू केल्यावर म्हणाला, 'आलास का?' अरे, मग आपलाच की! तुला दिसत नाही म्हणून तर लिहिला तो प्रोग्रॅम, आईच्या आवाजात कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारा… काय? आईचा आवाज नव्हता?… परक्याच बाईचा?… आणि प्रत्येक पानाचं शेवटचं वाक्य गिळत होता? आणि लोक म्हणाले, तुझ्या ताईनं बिघडवला?

अरे, ऐक ना… ऐक तर! एक कंपनी आपलाच प्रोग्रॅम बदलून त्याच नावानं विकतेय, परवाच कळलं मला. पण चोरी नाही ती. प्रोग्रॅम मीच मोकळा ठेवलाय. कुणीही घ्या, बदला… हो, विकासुद्धा! पण 'आलास का' हे नाव नाही दिलं. ते नोंदवलंय मी. तू हसला नव्हतास, आईचे दोन शब्द सरकारदरबारी नेतेस म्हणून?… मग! 'आलास का' ऐकलं की माणसाला भरवसा हवा, हा घरचा आहे, हा वाक्य गिळणार नाही.

केला ना, कालच केला फोन त्या कंपनीच्या इंजिनिअरला… नाही रे, भांडले नाही… थोडंसं. म्हणाला, नावाचे काय ते पैसे घ्या… नाही घेतले… हो, वेडीच आहे मी. आई गेल्यावर तिचं उरलंय काय आपल्याकडे? तो आवाज आणि हे दोन शब्द. ते विकू?

पण अरे, त्यांनी एक झकास काम केलंय. त्यांचा प्रोग्रॅम तक्ते वाचतो! रकान्यांसकट! मी डोकं फोडून घेतलं होतं त्यावर. म्हटलं, ते आपल्याकडे पाठवा, तुमच्या नावानिशी घालते, सगळ्यांना मिळेल. गिळलेली वाक्यं मी दुरुस्त करून देते. फक्त नावाची पाटी तुमची लावा… झाला कबूल! आज सकाळी पाठवलंही.

हो… मग विचारतो कसा, आम्ही काय नाव ठेवायचं? म्हटलं, तुम्ही घरी आलात की तुमची आई काय म्हणते?… मग हळूच म्हणाला, 'आधी हात धू.'

हस, हस! मीही हसले. फोन ठेवला आणि मग रडले… हो रे. मलाही येते आठवण. रोज.

थांब हं, बेल वाजतेय… अरे, तुझ्या फोनमधूनही तीच… जिन्यातून बोलतोयस होय, लबाडा? थांब, कडी काढते. ठेव फोन…

आलास का?