जैतूनबीची कमान

टाळ जरा थांबवा, मंडळी! एक सांगा – मदत करावी कशी? घेणाऱ्याची मान खाली जाईल अशी, की ताठ राहील अशी? ऐका तर मग.

जैतूनबी पिंजारीण. गाद्या भरायची. नवरा वारला, त्याच्या आजारपणात कापूस पिंजायची कमान सावकाराकडे गहाण पडली. पदरी दोन लेकी! शुक्रवारी मशिदीच्या दाराशी पदर पसरून बसायची – आणि ओळखीचं कुणी दिसलं, की तोंड फिरवायची!

गावात एक आमराई होती. कोण्या हाजराबीनं अल्लाच्या नावानं वक्फ केलेली – म्हणजे बाग विकायची नाही, उत्पन्न गोरगरिबांचं. आपल्याकडं देवाला जमीन सोडतात ना, तसंच! ती सांभाळायचे दाऊदचाचा. ते एका शुक्रवारी तिला म्हणाले, "बेटी, धान्य देतो. पण ते संपल्यावर?"

"पुन्हा येईन, चाचा. दुसरं काय करू?"

"कमान सोडवून आण. पैसे बाग देईल. कर्ज म्हणून!"

"आणि व्याज?"

"तोबा, तोबा! व्याज आम्हाला हराम. घेतलंस तेवढंच हप्त्याहप्त्यानं परत कर. पण शेवटचा हप्ता फेडायला एकटी यायचं नाही – एका गरजूचा हात धरून यायचं. हा बागेचा रिवाज!"

कमान घरी आली! तिचा तो टणत्कार ऐकून लेकी नाचल्या हो! पण आषाढ लागला. दमट कापूस पिंजतंय कोण? धंदा बसला, हप्ता चुकला. जैतूनबी मागच्या गल्लीनं जाऊ लागली. कर्ज घेतलं की गल्ल्या बरोब्बर सापडतात – हसू नका, तुम्हालाही ठाऊक आहेत!

एक दिवस चाचाच दारात! हिला वाटलं – गेली कमान! आलं पुन्हा पदर पसरणं!

"पळतेस कशाला गं? पावसात पिंजाऱ्याकडं पैसे मागायला मी येडा आहे का? अडलेल्याला मुदत द्यावी, हा अल्लाचा हुकूम. दिवाळीनंतर दे."

रडली हो ती! मग दिवाळी सरली, लग्नसराई आली – गाद्याच गाद्या! जैतूनबी राहिलेले सगळे पैसे घेऊन ताठ मानेनं बागेत निघाली. हात कुणाचा धरला होता? शेजारच्या भागाबाई बुरडिणीचा! ती मागं ओढतेय, "अगं, मी तुमच्यातली नाही. मला कसं देतील?"

चाचांनी एवढंच विचारलं, "जैतून, बांबू मिळाला तर ही टोपल्या विणील?"

"विणील, चाचा! मी सांगते ना!"

दिलं! तिथल्या तिथं दिलं! आणि शुक्रवारी मशिदीच्या दाराशी जैतूनबीची जागा – रिकामी! बोला, मान खाली गेली, की ताठ राहिली?

घ्या आता टाळ. पण मंडळी, आपल्याही देवळाला जमीन आहे. तिच्या उत्पन्नातनं यंदा आपण कळस रंगवला – दुसऱ्यांदा! उद्या काल्याला या, जरूर या. फक्त एकटे येऊ नका. कुणाचा तरी हात धरून या!