पाइपाला बांधलेली ओढणी

तुम्ही विचारताय ना, आमच्या भट्टीच्या पाइपाला माझी ओढणी का बांधलीय? ऐका मग.

बाबा घरामागच्या शेडमध्ये लाकडी देव्हारे करतात आणि त्यांच्या पितळी घंटाही तिथेच छोट्या गॅसभट्टीवर ओततात. लाकडाचा भुसा भट्टीच्या पंख्यात जायचा आणि जाळ विझायचा. म्हणून बाबांनी बाहेरची स्वच्छ हवा घ्यायला भिंतीतून पाइप काढला. त्याचं तोंड निघालं नेमकं शेजारच्या मंदाकाकूंच्या ओट्याकडे.

संध्याकाळी काकू दारात. "धूर माझ्या ओट्यावर सोडता काय हो? कॉलनीच्या कमिटीला सांगून भट्टी बंदच करायला लावते!"

"अहो वहिनी, धूर वर धुराड्यातून जातो. हा पाइप हवा आत घेतो."

"मला शिकवू नका!"

बाबांचा चेहरा पडला. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी गुपचूप काकूंच्या तुळशीतली उदबत्ती उचलली आणि पाइपापुढे धरली. भट्टी चालूच होती. धुराची रेघ वळली आणि सरळ आत गेली.

काकू वाकून बघत राहिल्या. "अगंबाई, हा तर ओढून घेतो!" तक्रार तिथेच मिटली. बाबांनी केवढा मोठा श्वास सोडला!

दुसऱ्या दिवशी जाळ पुन्हा फडफडायला लागला. मी मागे जाऊन बघते तर काकू पाइपापुढे पायपुसणं झटकत होत्या.

"बरंय गं तुमचं हे," त्या खूश होऊन म्हणाल्या, "ओट्यावर कणभर धूळ उरत नाही!"

मी बाबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "झटकू दे त्यांना. तू तुझी जुनी ओढणी आण, पाइपाच्या तोंडाला गाळणी बांधू."